तळ्याचं पाणी कुठे जाणार, ते आधी ठरवा

बुऱ्हाणपूर तालुक्यातल्या जसोंडीसारख्या गावात शेततळं असलेला माणूस मासे सोडायचं मनात आणतो, तेव्हा त्याचे प्रश्न ठरलेले असतात. बीज कुठे मिळेल, कोणता मासा लवकर वाढतो, किलोला काय भाव येतो? या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत आणि पुढे येतीलच. पण मत्स्यशेतीनं घरात चार पैसे येणार की शेजारच्या विहिरीला आणि नाल्याला त्रास होणार, हे दोन वेगळ्याच गोष्टींवर ठरतं : तळ्यात पाणी येतं कुठून, आणि तळ्यातलं पाणी जातं कुठे. केळीच्या पट्ट्यात या दोन्ही प्रश्नांना चांगली उत्तरं आहेत. म्हणूनच हा जोडधंदा इथल्या शेतकऱ्यानं करावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो बेफिकिरीनं करू नये असंही तितकंच वाटतं.

फायदे खरे आहेत. मासा थंड रक्ताचा. अंग गरम ठेवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही, त्यामुळे चांगल्या प्रतीच्या दीड-दोन किलो खाद्यात त्याचं एक किलो वजन वाढतं. शेळी किंवा म्हैस इतक्या कमी चाऱ्यात एवढं देत नाही. रोहू-कटल्याच्या शंभर ग्रॅम मांसात १६-१७ ग्रॅम प्रथिनं असतात. जगभरात २०२२ साली प्रथमच असं झालं, की पकडलेल्या मासळीपेक्षा वाढवलेल्या मासळीचं उत्पादन जास्त भरलं. नद्या आणि समुद्र आता आणखी देऊ शकत नाहीत, तेव्हा ही वाढ तळ्यांतूनच होणार. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तेच पाणी आधी मासे वाढवतं आणि मग पीक.

आधी पाण्याचा हिशेब

दहा गुंठ्यांचं तळं धरा. पाण्याचा पृष्ठभाग सुमारे एक हजार चौरस मीटर. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, वारा कोरडा असतो आणि उघड्या तळ्यातून रोज ८ ते १० मिलिमीटर पाणी उडून जातं. एक हजार चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक हजार लिटर. म्हणजे रोजचे ८ ते १० हजार लिटर नुसते हवेत. ठिबकवरच्या केळीला भर उन्हाळ्यात झाडामागे रोज २० लिटरच्या आसपास पाणी लागतं. तळ्याची पातळी टिकवायची तर चारशे-पाचशे केळींचं पाणी रोज त्यात ओतावं लागेल.

हे पाणी कूपनलिकेतून उपसून द्यायचं असेल, तर मत्स्यशेती करू नका. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात, इकडे बुऱ्हाणपूर आणि तिकडे रावेर-यावल, केळीसाठी उपसा करून करून भूजल खोल गेलं आहे. याच बुऱ्हाणपुरात मोगल काळात सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला. जमिनीखालचं पाणी ही केवढी मोलाची ठेव आहे, हे या भागाला सतराव्या शतकापासून ठाऊक आहे.

तेव्हा मासे पावसाच्या पाण्यावर वाढवायचे. जुलै-ऑगस्टमध्ये बीज सोडायचं, फेब्रुवारीपासून काढणी सुरू करायची आणि एप्रिल संपायच्या आत तळं मोकळं करायचं. थंडीत पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की हे मासे खाणं कमी करतात आणि वाढ मंदावते, त्यामुळे आठ महिन्यांत किलोचा मासा हवा असेल तर जिऱ्याएवढं बीज सोडून भागत नाही. किमान बोटभर लांबीची बोटुकली घ्यावी. मिळाली तर मागच्या वर्षीची, दाटीत रोखून ठेवलेली, पन्नास-शंभर ग्रॅमची पिल्लं घ्यावीत. ती महाग पडतात, पण मोकळं पाणी मिळताच झपाट्यानं वाढतात आणि मरही कमी होते.

खोली दीड ते दोन मीटर पुरे. त्याहून खोल तळ्यात तळाशी ऊन पोचत नाही, प्राणवायू राहत नाही. उथळ तळं उन्हाळ्यात तापतं.

बांध, आणि पाण्याच्या दोन वाटा

काळी जमीन पाणी चांगलं धरते, पण ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. बांधाच्या आतला उतार एकास दोनपेक्षा उभा ठेवलात तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच माती घसरते. बांधाखाली पायाचा चर खणून त्यात चिकणमाती ठोकून भरली तर पाझर कमी होतो. प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्यातही मासे होतात. मात्र तिथे माती नसल्यानं शेवाळ आणि पाण्यातले बारीक जीव कमी तयार होतात आणि बाहेरच्या खाद्यावर जास्त भर पडतो. अशा तळ्यातलं पाणी जमिनीत मुरतही नाही, हे सोय म्हणून पाहावं आणि तोटा म्हणूनही.

आता येणाऱ्या पाण्याबद्दल. केळी आणि कापूस ही दोन्ही भरपूर फवारणीची पिकं. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांसारखी कीटकनाशकं माणसाला ज्या प्रमाणात जाणवतही नाहीत, त्या प्रमाणात माशांचा जीव घेतात. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम पुरतात. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडतो तेव्हा उन्हाळाभराचं सगळं धुऊन तो खाली आणतो. तळ्यात पाणी घेणाऱ्या चराला एक फळी किंवा दार बसवा आणि पहिले दोन मोठे पाऊस बाजूनं वाहू द्या. तिसऱ्यापासून पाणी आत घ्या. शेजारच्या फडातलं पाणी थेट तळ्यात उतरत असेल तर वरच्या बाजूनं चर मारून ते वळवा. आणि फवारणीचा पंप तळ्याच्या काठावर धुऊ नका. वर्षभर सांभाळलेलं तळं एका पंपाच्या धुवणानं सकाळपर्यंत मेलेल्या माशांनी पांढरं होऊ शकतं. ज्यांच्याशी बांध लागून आहे त्यांनाही हे आधी सांगून ठेवा; फवारणीच्या दिवशी वाऱ्याची दिशा बघायला कोणी शेजारी नाही म्हणणार नाही.

जाणाऱ्या पाण्याची वाट याहून महत्त्वाची. सांडव्यावर आणि निचऱ्याच्या पाइपावर बारीक जाळी हवीच, कारण पुरात तळं भरून वाहिलं की मासे नाल्यात, नाल्यातून तापीत जातात. मात्र निचऱ्याच्या पाइपाचं तोंड नाल्याकडे काढूच नका. ते केळीच्या दिशेनं काढा. याचं कारण पुढे आकड्यांत देतो.

तळं तयार करणं

आधी माती आणि पाणी तपासून घ्या. काळी जमीन बहुधा अल्कधर्मी असते, त्यामुळे इकडे चुना कमी लागतो. सामू ६.५ ते ७.५ असेल तर दहा गुंठ्यांना ५० किलो, ७.५ ते ८.५ असेल तर २० किलो, आणि ८.५ च्या वर असेल तर अजिबात नको. चुन्यानंतर आठवडाभर थांबून ३००-४०० किलो शेणखत टाका. काही दिवसांत पाण्याला हिरवट-तपकिरी रंग येतो. तो किती असावा हे बघायला उपकरण लागत नाही. हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. तळहात अंधुक दिसेनासा होत असेल तर रंग बरोबर. मनगटापाशीच दिसेनासा झाला तर खत पुरे झालं, उलट जास्त झालं.

जुन्या तळ्यात मरळ, वाम असे शिकारी मासे उरलेले असतात. शक्य असेल तर तळं पूर्ण वाळवावं. वाळवता येत नसेल तर मोहाची पेंड वापरतात. मीटरभर पाण्याला दहा गुंठ्यांसाठी २५० किलो. तिचा विषारीपणा दोन-तीन आठवड्यांत जातो आणि मग तीच खत होते. पण तेवढ्या दिवसांत त्या पाण्याचा एक थेंबही बाहेर जाऊ देऊ नका, नाल्यातले मासे मरतील.

कोणता मासा, आणि कोणता अजिबात नाही

कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघं एकमेकांच्या तोंडचा घास काढत नाहीत. दहा गुंठ्यांच्या, यंत्रानं हवा न दिलेल्या तळ्यात पाचशे ते सहाशे बोटुकली पुरेत : चाळीस टक्के कटला, तीस-तीस टक्के रोहू आणि मृगळ. हजार-दीड हजार सोडले की उत्पन्न दुप्पट होईल, हा हिशेब कागदावर राहतो. मासे खुरटतात, रोग येतो, आणि पाणी खराब होतं ते वेगळंच.

गवत्या मासा थोडा, दहा टक्क्यांपर्यंत, घ्यायला हरकत नाही. तो केळीची पानं खातो. काढणीनंतर फडात पडणाऱ्या पानांचा हा चांगला उपयोग आहे, फक्त ती फवारणीची नसावीत. गवत्या आणि चंदेरी (सिल्व्हर कार्प) हे दोन्ही मासे मूळचे परदेशी, १९५९ मध्ये भारतात आणलेले. सायप्रिनसही बाहेरचाच, आणि तो बांध उकरतो. बंद तळ्यात यांची भीती कमी. पुराचं पाणी शिरणाऱ्या, नाल्याला लागून असलेल्या तळ्यात मात्र कटला-रोहू-मृगळ यांच्यावरच थांबा. हिमाचलातल्या गोविंदसागर जलाशयात १९७१ मध्ये चंदेरी मासा एका मत्स्यशेतीतून निसटून शिरला आणि पुढे त्यानं कटल्याला मागे सारलं. महाराष्ट्रातल्या उजनी धरणात चिलापी (तिलापिया) माशानं काय केलं ते तिथले मच्छीमार सांगतील; जाळ्यात दुसरं फारसं काही येत नाही. एकदा नदीत शिरलेला मासा परत काढता येत नाही. तापी पुढे हतनूरला आणि तिथून उकाईला जाते. आपल्या तळ्यातून सुटलेल्या माशाला ती सगळी वाट मोकळी आहे.

थाई मांगूर कोणी कितीही आग्रहानं दिला तरी घेऊ नका. तो घाण पाण्यात तग धरतो, हवेतून श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरकत दुसऱ्या पाण्यात जातो आणि तिथले मासे फस्त करतो. त्याला कत्तलखान्याची, कोंबड्यांच्या दुकानातली घाण खाऊ घालतात आणि परिसर सडवतात. केंद्र सरकारनं २००० साली त्यावर बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ती कडकपणे राबवायला सांगितल्यावर महाराष्ट्रात या माशाचे साठे नष्ट करण्यात आले. साधा, आपला देशी मांगूर वेगळा. दोघांची पिल्लं सारखी दिसतात, म्हणून ओळखीशिवाय मांगुराचं बीजच नको.

बीज सरकारी किंवा नोंदणीकृत केंद्रातून घ्या. एके काळी ते पुरात नदीतून गोळा करत, त्यात नको ते सगळंच येई. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून शुद्ध बीज हातात आलं. पिशवी आली की लगेच फोडू नका. पंधरा-वीस मिनिटं ती तळ्यात तरंगत ठेवा, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घाला आणि पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्या. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची.

रोजचं काम

खाद्य म्हणून भुईमुगाची पेंड आणि तांदळाचा कोंडा निम्मा निम्मा, किंवा तयार तरंगतं खाद्य. सुरुवातीला माशांच्या एकूण वजनाच्या पाच टक्के, पुढे कमी करत दोन टक्क्यांवर. महिन्यातून एकदा जाळं टाकून दहा-वीस मासे वजन करा, नाहीतर हा हिशेब अंदाजपंचे होतो. अर्ध्या तासात जे खाल्लं नाही ते खाद्य वाया गेलं आणि पाण्यात घाणही झाली.

पहाटे तळ्यावर जायची सवय लावून घ्या. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही प्राणवायू वापरतात, त्यामुळे तो पहाटे सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतील तर त्या दिवशी खाद्य आणि खत बंद. पंप लावून पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यात पडू द्या. सलग ढगाळ दिवसांत तर खत टाकूच नका.

थंडीत माशांच्या अंगावर लाल चट्टे किंवा जखमा दिसल्या तर प्रतिजैविकाच्या गोळ्या खाद्यात मिसळू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानवर बंदी आहे, आणि उरलेल्या औषधांनीही पाण्यातले जंतू निर्ढावतात. तेच जंतू पुढे माणसाच्या औषधालाही दाद देत नाहीत. थोडा चुना, खाद्य कमी, दाटी कमी, आणि मत्स्योद्योग विभागाच्या माणसाला दाखवणं. पाणकावळे आणि खंड्या त्रास देतात. त्यांच्यासाठी तळ्यावर ताणून दोऱ्या बांधा. सैल नायलॉनची जाळी टाकली की पक्षी अडकून मरतात.

गोल टाक्यांत मासे वाढवण्याच्या बायोफ्लॉक पद्धतीची जाहिरात बरीच आहे. त्यात हवा चोवीस तास चालू ठेवावी लागते. ज्या गावात वीज तासन्‌तास जाते तिथे जनरेटरशिवाय तो करू नये, एवढंच सांगतो.

उरलेलं पाणी केळीला

सहाशेपैकी साडेचारशे मासे जगले आणि प्रत्येकी पाऊण किलोचे झाले, तर सव्वातीन-साडेतीन क्विंटल मासळी होते. त्यासाठी साधारण साडेपाचशे किलो खाद्य लागतं. त्यात सुमारे २४ किलो नत्र असतं. माशांच्या अंगात त्यातला जेमतेम तिसरा भाग जातो. उरलेलं १६ किलो नत्र विष्ठेतून, लघवीतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून पाण्यात आणि गाळात उतरतं. थोडं हवेत जातं. १६ किलो नत्र म्हणजे जवळजवळ ३५ किलो युरिया.

हेच पाणी नाल्यात सोडलं तर तिथे शेवाळ माजतं, ते सडतं, प्राणवायू संपतो आणि खालच्या गावाच्या जनावरांना हिरवं पाणी प्यावं लागतं. आंध्रातल्या कोल्लेरू सरोवराचं असंच झालं. मत्स्यतळ्यांनी सरोवर इतकं वेढलं, की २००६ मध्ये सरकारला अभयारण्यातले बांध फोडावे लागले. आणि हेच पाणी केळीच्या मुळाशी गेलं तर खताच्या खर्चात कपात होते.

दर पंधरा दिवसांनी तळाकडचं थोडं पाणी, पाच-दहा टक्के, केळीला द्या आणि पावसाळ्यात तळं पुन्हा भरून घ्या. पावसाळ्यानंतर दिलेलं पाणी भरून निघणार नाही, तेव्हा पातळी हळूहळू उतरू द्या आणि मासेही टप्प्याटप्प्यानं काढत जा. ठिबकला जोडताना आधी वाळूचा फिल्टर आणि त्यानंतर डिस्क किंवा जाळीचा फिल्टर हवाच. नुसत्या जाळीच्या फिल्टरवर शेवाळानं ड्रिपर बंद पडतात आणि मग लोक तळ्यालाच दोष देतात. पंपाच्या फूटव्हॉल्व्हला बारीक जाळी बांधा, पिल्लं ओढली जातात. पाण्यातून नत्र जातंय म्हणून युरियाचा नेहमीचा हप्ता तसाच ठेवू नका. तो कमी केला नाहीत तर जास्तीचं नत्र झिरपून विहिरीत उतरेल, आणि ते पाणी पिणारं लेकरू कोणाचंही असू शकतं. उन्हाळ्यात तळं मोकळं झालं की तळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्या आणि वरचा काळा गाळ खरवडून फडात पसरा.

विक्रीला घाई नको. बर्फातून येणारी आंध्रची रोहू-कटला बाजारात रोज असते. तिच्याशी भावात स्पर्धा करून उपयोग नाही. जिवंत मासा गावात आणि बुऱ्हाणपूरच्या बाजारात थोडा थोडा, मोठे आधी काढून विकला तर दर बरा मिळतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत ठरवलेल्या खर्चाच्या ४० टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. मत्स्यशेतीसाठी किसान क्रेडिट कार्डही मिळतं. अनुदानाच्या आशेनं तळं काढू नका. आधी पाण्याचा हिशेब जुळवा, मग अर्ज करा.

गावतळं असेल तर

स्वतःच्या शेततळ्यात चूक झाली तर नुकसान बहुतांशी आपलं. गावतळ्याचं तसं नाही. तिथे गुरं पाणी पितात, बायका कपडे धुतात आणि भोई, ढीमर, केवट, कहार समाजाच्या लोकांचं पोट त्या पाण्यावर चालतं. मध्य प्रदेशात लहान तलाव मासेमारीसाठी पट्ट्यानं देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीकडे असतो, आणि पिढीजात मच्छीमारांच्या संस्थांना प्राधान्य आहे. पट्टा देताना ग्रामसभेत बसलेल्यांनी करारात या गोष्टी लिहून घ्याव्यात : थाई मांगूर सोडायचा नाही, कोंबड्यांची, कत्तलखान्याची घाण किंवा कच्चं पोल्ट्रीखत टाकायचं नाही, मासे काढण्यासाठी तळं पूर्ण उपसायचं नाही आणि गुरांपुरती पाण्याची पातळी बांधावर रंगानं खूण करून ठेवायची, सांडव्याला जाळी पट्टेदारानं बसवायची आणि पावसाळ्याआधी पंचायतीनं ती बघायची. पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि होळीच्या सुमाराला करून तिचा कागद पंचायतीच्या फलकावर लावायचा, आणि तिचा खर्च पट्ट्याच्या रकमेतूनच करायचा.